अंगी लागत नाही

खोडद
१९ नोव्हेंबर १९९६

चिरंजीव सावळेराम पाहुण्यांस, सारजाबाईचा घोडेगावापर्यंत पोचेल एवढा आशीर्वाद.

पत्र मीच लिहिते आहे. सातवी झालेली आहे मी, आणि आमचे मालक वारल्यापासून घरातलं लिहिणंवाचणं माझ्याकडेच असतं, तेव्हा अक्षराला हसू नका.

तुमच्या बहिणीच्या, आरतीच्या लग्नाला आता सहा महिने झाले. तक्रार अशी नाही. वेळेवर उठते, उलटून बोलत नाही. आईबाप नसलेली पोर म्हणून मीही जपून बोलते. पण पाहुणे, आम्ही सून मागितली होती, तुम्ही काठी दिलीत. परवा मळ्यात दोरीवर लुगडी वाळत घातली होती, तर आमच्या भिमाजीला त्यात आपली बायको कुठली आणि लुगडं कुठलं हे दोनदा बघावं लागलं.

आल्यापासून रोज सकाळी पेलाभर दूध देते तिला. म्हशीचं, निरसं नाही, तापवून. मोरीत ओतावं तसं जातं. अंगी लागतच नाही. इकडे गावाजवळ आकाश बघायची मोठी सरकारी दुर्बीण झाली आहे, तिच्या कॉलनीत साहेबलोक राहायला आले आहेत, त्यांचा रतीब आम्ही धरलाय, आणि त्यांच्या बायका पाणी घातलेलं लगेच ओळखतात. चोख दूध द्यावं लागतं. अशात एक पेला फुकट जातो त्याचं मनाला लागतं.

तुम्ही कॉलेजात खाण्यापिण्याचं रसायन शिकवता. तर शास्त्राला धरून सांगा, माणसाच्या अंगी दूध जास्त लागतं की डाळ-हुलगे? तुमच्या शब्दाबाहेर मी जाणार नाही.

सारजाबाई


घोडेगाव
४ डिसेंबर १९९६

तीर्थस्वरूप मावशींना शिरसाष्टांग नमस्कार.

आपला प्रश्न वाचून फार आनंद झाला. असे प्रश्न माझे विद्यार्थीसुद्धा विचारत नाहीत.

आपण ज्याला 'अंगी लागणे' म्हणतो त्याच्या शास्त्रात दोन पायऱ्या आहेत. आधी अन्नातले प्रथिन पोटात फुटून रक्तात गेले पाहिजे. मग त्यातून शरीराने स्वतःचे रक्तमांस घडवले पाहिजे. दुधातले प्रथिन पहिली पायरी सहज चढते. शंभर भागांतले पंच्याण्णवच्या आसपास आत जातात. डाळी, हुलगे म्हणजे कुळीथ, यांचे सत्तर-ऐंशीच, कारण दाण्यातच पचन अडवणारी द्रव्ये असतात. दुसऱ्या पायरीवर दूध एकटे पुरे पडते. डाळ एकटी पडत नाही, बाजरीही पडत नाही. पण गंमत अशी की बाजरीत जे कमी असते ते डाळीत भरपूर असते, आणि डाळीत जे कमी ते बाजरीत. दोन समजूतदार जावांप्रमाणे त्या एकमेकींची उणीव भरून काढतात. म्हणून भाकरी आणि डाळ नेमाने पोटात जात असेल तर दुधावाचून काही अडत नाही. मात्र डाळ भिजवून, नीट शिजवून, आणि भरपूर खाल्ली पाहिजे.

शास्त्र भावनेवर चालत नाही, मोजमापावर चालते. आपल्यासारख्या गृहिणींनी हे ओळखले तर घराघरात क्रांती होईल.

आरतीस आशीर्वाद. तिला वेगळे लिहीत नाही. हेच पत्र वाचून दाखवावे.

आपला,
सावळेराम


खोडद
१८ जानेवारी १९९७

पाहुण्यांस आशीर्वाद, आणि संक्रांतीचा तिळगूळ घ्या, गोड बोला.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे पत्र आरतीला वाचून दाखवलं. जेवणं चालली होती, मोठ्यानं वाचलं. 'दुधावाचून काही अडत नाही' हे दोनदा वाचलं, तिला नीट ऐकू यावं म्हणून. दुसऱ्या दिवसापासून पेला बंद केला. तिनंच तो घासून फळीवर पालथा घातला. भावाचाच निकाल म्हटल्यावर ती तरी काय म्हणणार?

दुसरी गोष्ट. आरतीला दिवस गेलेत. उन्हाळा सरून पाऊस लागला की मोकळी होईल. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत तुम्हाला माहीत आहेच, आणि तिला माहेर म्हणजे तुम्हीच. न्यायला कधी येता ते कळवा. आमची धाकटी सोनी मंचरला दिलेली आहे, तीही गरोदर आहे. तिला मी होळीच्या आतच आणते आहे. आईचा जीव राहत नाही हो.

सारजाबाई


घोडेगाव
१ फेब्रुवारी १९९७

तीर्थस्वरूप मावशींना सादर नमस्कार.

गोड बातमी वाचून समाधान वाटले. माहेरपणाबद्दल लिहिलेत ते रीतीस धरूनच आहे. परंतु आमचे बिऱ्हाड दोन खोल्यांचे, त्यात सौ.चे कंबरेचे दुखणे. शिवाय खोडदहून घोडेगावला यायचे तर नारायणगाव आणि मंचर अशा दोन ठिकाणी एस.टी. बदलावी लागते आणि रस्त्याला खड्डे. गरोदर स्त्रीला एवढे धक्के शास्त्रीयदृष्ट्या योग्य नव्हेत. आपल्यासारख्या अनुभवी बाईच्या हाताखाली ती जास्त सुरक्षित राहील असे मला मनापासून वाटते.

एक महत्त्वाचे. पोटातले मूल वाढत असताना प्रथिनांची गरज वाढते. तिच्यासाठी हुलगे हा उत्तम पदार्थ आहे. रात्री भिजवून, शक्यतो मोड आणून, मऊ शिजवावेत. घरात हुलगे होतात ना? कळवावे.

आपला,
सावळेराम


खोडद
२८ मार्च १९९७

पाहुण्यांस आशीर्वाद.

हुलग्यांचं विचारलंत. रोज पातेलंभर शिजतात हो. सकाळी चूल पेटली की पहिलं पातेलं हुलग्यांचंच. आरती स्वतः भिजत घालते, स्वतः चढवते, स्वतः उतरवते. तिच्या हाताला हुलग्यांचा वास येतो, इतके.

तरी अंगी लागत नाही ते नाहीच. मागच्या आठवड्यात नर्सबाई आल्या होत्या. आरतीच्या डोळ्याची खालची पापणी ओढून म्हणाल्या, "आत्याबाई, रक्त लई कमी हाय पोरीचं." मी म्हटलं, "बाई, रक्त तर माहेराहून येतं. आमच्याकडं नुसती भाकर हाय." त्या हसल्या. आरतीही हसली, तेवढी रीत आहे तिच्यात.

सोनी आली आहे. तिला सगळं खावंसं वाटतं. आरतीला काही खावंसं वाटतं का ते कळत नाही, विचारलं की 'काही नको' म्हणते. तुम्ही एवढे प्रोफेसर. बहिणीला नेणं झालं नाही ते झालं नाही, पण एखादं टॉनिक तरी धाडाल की नाही? लोक विचारतात, भावानं काय दिलं. मी आपली काहीतरी सांगून वेळ मारून नेते.

सारजाबाई


घोडेगाव
९ एप्रिल १९९७

तीर्थस्वरूप मावशींना नमस्कार.

नारायणगाव डेपोच्या ओळखीच्या कंडक्टरबरोबर डबा पाठवत आहे. दुधातल्या प्रथिनांची भुकटी आहे. मंचरला औषधांच्या दुकानात मुद्दाम सांगून मागवली. दोन चमचे, दिवसातून दोन वेळा, कोमट दुधातून द्यावी. जे अंगी लागत नाही म्हणता ते लागते की नाही पाहा.

स्वतःच येणार होतो, पण मुलांच्या प्रात्यक्षिक परीक्षा सुरू आहेत. परिणाम काय दिसतो तो बारकाईने कळवावा. पुढच्या महिन्यात मंचरला आहारावर माझे व्याख्यान आहे. घरचे उदाहरण देता आले तर लोकांना पटते.

आपला,
सावळेराम


खोडद
२० मे १९९७

पाहुण्यांस आशीर्वाद.

डबा पोचला. चिमूटभरही वाया जाऊ दिला नाही. सकाळ-संध्याकाळ दुधातून दिला, शेजारी बसून, पेला रिकामा होईपर्यंत. काय सांगू तुम्हाला. गाल वर आले. बांगड्या मनगटात रुतायला लागल्या. पोटातलं लेकरू अशा लाथा मारतं की पदरावरून दिसतं. शेजारची सरूबाई बघून म्हणाली, "काय वं भरून आलीया पोर." तुमचं शास्त्र खरं आहे, पाहुणे. ज्याला द्यावं त्याच्या अंगी लागतंच.

आणखी एक डबा धाडलात तर बरं होईल.

सारजाबाई


घोडेगाव
३ जून १९९७

तीर्थस्वरूप मावशींना नमस्कार.

आपले पत्र मी मंचरच्या व्याख्यानात वाचून दाखवले. नाव-गाव अर्थातच सांगितले नाही, 'एका शेतकरी घरातील गर्भवती' एवढेच म्हटले. 'बांगड्या मनगटात रुतायला लागल्या' या वाक्याला टाळ्या पडल्या. श्रेय आपले आहे.

दुसरा डबा सोबत आहे. आरतीला म्हणावे, भावाला तुझा अभिमान वाटतो.

आपला,
सावळेराम


खोडद
९ जुलै १९९७

पाहुण्यांस आशीर्वाद.

आरती बाळंत झाली. आठव्यातच झाली. मुलगी होती. मांजराच्या पिलाएवढी होती, रडायचंही तिला जमलं नाही. सकाळी आली, दुपारी गेली. भिमाजीनं ओढ्याकडेला पुरली.

आरती बरी आहे. चौथ्या दिवशी उठून गोठ्यात गेली. दूध आलं होतं तिला थोडं, ते आपोआप आटलं. बसून राहिली असती तर मनाला लावून घेतलं असतं, म्हणून मीच कामाला लावली.

सोनीला मुलगा झाला. असा गुटगुटीत की दुपटं पुरत नाही. बारशाच्या घुगऱ्या गावभर वाटल्या. तुमच्याकडेही धाडल्या असत्या, पण दोन एस.ट्या बदलेपर्यंत आंबल्या असत्या.

तुम्ही आला नाहीत ते एका अर्थी बरंच झालं. खड्ड्यांचे धक्के बसले असते. रतीब चालू आहे.

सारजाबाई


घोडेगाव
२१ जुलै १९९७

तीर्थस्वरूप मावशींना नमस्कार.

वाचून वाईट वाटले. परंतु गाल वर आले होते, बांगड्या रुतत होत्या असे आपणच कळवले होते. त्याअर्थी आहारात दोष नव्हता, दुसरेच काही कारण असले पाहिजे. काही स्त्रियांची प्रकृतीच तशी असते. आरतीने खचून जाऊ नये. पुढच्या खेपेस आधीपासून काळजी घेऊ.

हे पत्र तिला वाचून दाखवावे.

आपला,
सावळेराम


खोडद
१७ फेब्रुवारी २००७

दादा,

माझं अक्षर बघून दचकला असशील. इतकी वर्षं तू मला आत्याबाईंच्या तोंडून ऐकवलंस, मी तुला काहीच ऐकवलं नाही. आता घरात फोन आहे, पण फोनवर तू बोलत राहतोस आणि माझं राहून जातं. म्हणून लिहिते.

दिवाळीत आत्याबाईंच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. कान आणि डोळे मात्र शाबूत आहेत. कोण आलं, कुणाच्या हातात काय आहे, सगळं कळतं. घर माझ्याकडे आलं आहे. म्हशी आता चार आहेत. माझा शौर्य पहिलीत जातो. तो पोटात होता तेव्हा मी धार काढता काढता बादलीला तोंड लावून चोरून दूध प्यायचे, म्हणून तो जगला. हे यांनासुद्धा ठाऊक नाही.

तुला काही गोष्टी सांगायच्या राहिल्या होत्या. हुलगे रोज पातेलंभर शिजायचे हे खरं आहे. ते म्हशीसाठी शिजायचे. शिजले की दाणे घमेल्यात काढून म्हशीपुढे, आणि वरचं पाणी मीठ घालून मला. दोन भाकरी आणि ते पाणी, असं माझं गरोदरपण झालं. एकदा मी घमेल्यातले मूठभर हुलगे तोंडात टाकले, तर आत्याबाई म्हणाल्या, "म्हशीच्या अंगी लागलं तर दूध निघतं. तुझ्या अंगी लागून काय निघणार हाय?" तू लिहिलं होतंस की हुलगे सत्तर-ऐंशी भाग अंगी लागतात. ते खरंच असणार. म्हैस तेव्हा लई दूध द्यायची.

तुझे दोन्ही डबे सोनीताईंनी खाल्ले. गाल त्यांचे वर आले होते. बांगड्या त्यांच्या रुतत होत्या. टाळ्या तुला पडल्या.

तुझं प्रत्येक पत्र आत्याबाई जेवायच्या वेळी मोठ्यानं वाचायच्या, माझ्या ताटाकडे बघत. त्यामुळे मला ती पाठ आहेत. 'काही स्त्रियांची प्रकृतीच तशी असते' हे वाचलं तेव्हा माझी छाती अजून ओली होती.

असो. आता डॉक्टर म्हणतात, म्हातारीला प्रथिनं द्या, नाहीतर झिजत जाईल. मी तुझ्याशिवाय कुणाला विचारणार? दूध द्यावं की हुलगे? शास्त्राला धरून सांग. तुझ्या शब्दाबाहेर मी जाणार नाही.

आरती


घोडेगाव
२ मार्च २००७

चि. सौ. आरतीस आशीर्वाद.

तुझे पत्र वाचल्यापासून चित्त थाऱ्यावर नाही. मला यातले काहीही ठाऊक नव्हते. मावशी जे कळवत होत्या त्यावर मी विश्वास ठेवला. तू तेव्हाच दोन ओळी लिहायला हव्या होत्यास.

तुझ्या प्रश्नाचे उत्तर देतो. उतारवयात शरीर प्रथिनांचा नीट उपयोग करू शकत नाही, त्यामुळे ती जास्त द्यावी लागतात. त्यात पक्षाघात झालेल्या माणसाला गिळणे अवघड. दुधाच्या तोडीची प्रथिने मिळायला जेवढे हुलगे खावे लागतील तेवढे त्या खाऊ शकणार नाहीत. नुसत्या हुलग्यांच्या पाण्यात तर जवळजवळ काहीच नसते. तेव्हा दूध हवेच. दोन्ही वेळा, थोडे घट्ट करून, चमच्याने. यात हयगय नको.

आणि आरती, शास्त्र जरा बाजूला ठेव. म्हातारे माणूस आहे, अंथरुणाला खिळले आहे. मनात थोडी दया असू दे. झाले गेले त्याचा हिशेब आता कशाला? लोक उद्या नावे ठेवतील, आपल्या माहेरालाही ठेवतील. येत्या रविवारी मी स्वतः येतो आणि दोघींशी बोलतो.

तुझा,
दादा


खोडद
७ मार्च २००७

दादा,

येऊ नकोस. मंचरला एस.टी. बदलावी लागते, नारायणगावला बदलावी लागते, आणि रस्त्याला खड्डे अजून आहेत. तेव्हा माझ्यासाठी जे अंतर लांब होतं ते आत्याबाईंसाठी जवळ करू नकोस. मला ते सहन होणार नाही.

तुझं पत्र त्यांना जेवायच्या वेळी वाचून दाखवलं. 'दूध हवेच' हे दोनदा वाचलं, नीट ऐकू यावं म्हणून. पोटात लेकरू होतं तेव्हा हे दोन शब्द तुला लिहिता आले असते, दादा. एवढेच दोन शब्द. त्यांनी सगळं पत्र माझ्या तोंडावर मारलं असतं, तरी मला कळलं असतं की कुणीतरी माझ्या बाजूनं लिहिलं होतं. आणि दया हा शब्द तुझ्या अक्षरात मी पहिल्यांदाच बघितला.

पत्र ऐकून आत्याबाईंचे डोळे पेल्याकडे गेले. पेला माझ्या हातात होता, भरलेला, साय आलेली. त्यांनी डावा हात थोडा उचलला. मी त्यांच्यासमोर बसून तो पेला प्यायले. सावकाश प्यायले, कारण असं बसून दूध पिण्याची मला सवय नाही. मग हुलग्यांचं पाणी कोमट करून, मीठ घालून, चमच्या-चमच्यानं त्यांना घातलं. मी त्यांना शिवी देत नाही, घाई करत नाही. ओठ पुसते, कूस बदलते, पाठीला पावडर लावते. दाणे म्हशीला घातले.

वाईट वाटेल म्हणून थोडा वेळ तिथंच बसून राहिले. वाटलं नाही. उलट इतक्या वर्षांनी पोट भरल्यासारखं वाटलं, आणि तेवढ्यापुरती मला माझीच भीती वाटली. मग रतिबाची वेळ झाली म्हणून उठले.

सोनीताई महिन्यातून एकदा येतात. उशाशी फळं ठेवतात, आईचा हात धरून रडतात आणि संध्याकाळची एस.टी. धरतात. जाताना मला म्हणतात, "वैनी, तुमी हाय म्हणून बरंय. आईला दुसरं कोण व्हतं?" गावातही माझं नाव चांगलं आहे. सून असावी तर अशी, असं बायका एकमेकींना सांगतात.

काल सरूबाई बघायला आली होती. आत्याबाईंच्या अंगावरची गोधडी सारून तिनं दंड चाचपला आणि म्हणाली, "आगं आरते, म्हातारी कशी काय एवढी वाळली? खाती का न्हाई काय?"

आत्याबाई माझ्याकडे बघत होत्या. मी गोधडी पुन्हा नीट घातली आणि म्हटलं, "घरात काय कमी न्हाई वं मावशी. दूधदुभतं हाय, रोज पातेलंभर हुलगं शिजत्यात. पन त्यांच्या अंगीच लागत न्हाई."

आरती